वहिनीच्या कोपरावरची पट्टी

वहिनीच्या कोपरावर उकळती पेज सांडली आणि आमच्या घरात एकच वाद सुरू झाला: ड्रेसिंगला जायचं की नाही. जाळीचं कापड जखमेला चिकटायचं आणि सोलून काढताना ती रडायची. एकदा तर ती गेलीच नाही. डॉक्टरांनी बजावलं, असं चाललं तर कातडी आखडेल, हात सरळ व्हायचा नाही.

सत्तरीचं दशक होतं. डिंडोलीहून मी सुरतेच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेचं सामान सांभाळायला जायचे. तिथल्या डॉक्टरबाई भाजलेल्या जखमांसाठी न चिकटणारी पट्टी करत होत्या. समुद्री शेवाळातलं अगर, म्हणजे वाण्याकडचं चायना ग्रास, आणि पीव्हीए नावाचं कृत्रिम रसायन पाण्यात एकत्र शिजवायचं, ताटलीत ओतायचं, गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. नुसत्या अगरची वडी मोडायची. पीव्हीएमुळे ती वाकायची. बाईंनी ती आधी स्वतःच्या, मग आम्हा सगळ्यांच्या धडधाकट हातांवर लावली होती, नंतर काही रुग्णांनाही. वहिनीसाठी त्या तयार झाल्या, पण नेमकी पीव्हीएची पावडर संपलेली.

दादा मिलमध्ये सुताला कांजी चढवायच्या खात्यात होता. तिथेही पीव्हीए लागायचं. मी घरी अडचण सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तो डबाभर शिजवलेलं पीव्हीए घेऊन इस्पितळात हजर. बाईंनी झाकण उघडलं. आतलं पाणी निळसर होतं. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"मोरचूद टाकं ना, नहीते कांजी नासस," दादा मोठ्या अभिमानानं म्हणाला.

मोरचूद जखमेत गेलं तर विषच, म्हणून बाईंनी डबा त्याच्या हातात परत दिला. "भाई, हा बायकोचा हात आहे, मागावरचा ताणा नाही," त्या आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

मी पुरवठेदाराच्या इतक्या मागे लागले की वैतागून तो स्वतः पावडर घेऊन आला. पट्टी झाली, लागली. ती बदलायच्या दिवशी वहिनीनं डोळे घट्ट मिटले आणि चांगल्या हातानं दादाचं मनगट असं आवळलं की तोच कळवळून ओरडला.

"काढा ना आते लवकर," ती म्हणाली.

बाईंनी कोपरावरून कधीच सुटलेली दुधी रंगाची ओली पट्टी तिच्या नाकासमोर धरली. वहिनीनं एक डोळा उघडून ती पाहिली, मग आपलं कोपर पाहिलं, मग दादाकडे वळली.

"मंग तुम्ही कशाले वरडी ऱ्हायनात?"

पुढच्या ड्रेसिंगला चप्पल घालून तीच आधी दारात उभी होती, आणि उशीर झाला म्हणून आम्हालाच बोलत होती.