किल्लीला घातलेलं पंचामृत

त्या वर्षी खंडेनवमीची पूजा मी देवीवर रुसूनच केली. सासूबाईंचा उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. डाव्याच्या बुबुळावर पांढरा पडदा चढत चालला होता आणि कुणाचं नेत्रदान झालं तरच तो वाचेल, असं डॉक्टरांनी सांगून आठ महिने लोटले होते. आठ महिने मी देवीपुढे दिवा लावत होते आणि फोनकडे डोळे लावून बसत होते. शेवटी शेवटी तर मी तिलाच विचारायचे, बाई गं, तुला ऐकू येतं ना?

तरी पूजा टाकली नाही. माहेरी वडिलांचं लहानसं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला ते पाने-हातोड्यांना पंचामृताने आंघोळ घालायचे. गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये अवजारं कुठली? म्हणून मी गाडीला झेंडूचा हार घातला आणि तिची किल्ली ताम्हनात ठेवून तिच्यावर यथासांग दूध, दही, तूप, मध, साखर घातली. ही आजकालची बटणांची किल्ली आहे, वडिलांचा पाना नव्हे, हे मला सुचलं नाही. हात आखडून काही करणं माझ्या स्वभावात नाही. मग ती स्वच्छ पुसली, कुंकू लावलं आणि देवापाशी ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी साडेआठला दिल्लीच्या हॉस्पिटलातून फोन आला. बुबुळ मिळालं होतं. अकरापर्यंत पोहोचा, नाहीतर पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल, असं त्या मुलीने नम्रपणे पण स्पष्ट सांगितलं. हे ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलेले आणि गाडीची दुसरी किल्ली त्यांच्या बॅगेत. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना बेसमेंटमध्ये आणलं. किल्लीचं बटण दाबलं तर दार उघडेना. तिच्यातली लोखंडी पट्टी ओढून काढली आणि कुलूप उघडलं. आईंना मागे बसवलं, ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं. गाडी ढिम्म.

पुन्हा दाबलं. गिअर हलवून पाहिला. बॉनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही वायरी घट्ट केल्या, हात काळे झाले. हॉर्न दाबला तर तो खणखणीत वाजला, म्हणजे बॅटरी जिवंत होती. गार्डने धक्का द्यायची तयारी दाखवली, पण ही ऑटोमॅटिक, ढकलून चालू होणाऱ्यातली नव्हे. कॅब मागवल्या, तर सणाच्या गर्दीत दोघांनी नकार दिला आणि तिसऱ्याचा पत्ताच नाही. सव्वानऊ झाले.

"राहू दे गं," मागून आई म्हणाल्या. "या वयात मला काय पोथ्या वाचायच्यात?"

"आई, मी तुम्हाला नेणार म्हणजे नेणार," मी म्हटलं आणि पुन्हा बटण दाबलं. किती वेळा दाबलं ते देवीलाच ठाऊक. मग अंगठा दुखायला लागला आणि रडूच आलं. तुझी पूजा केली त्याचं हे फळ का, असं मी मनात तिच्याशी कडकडून भांडले. भांडण संपल्यावर बोलायला काही उरलं नाही. आता तूच बघ, एवढंच म्हणाले आणि स्टिअरिंगवरचा हात काढला.

लिफ्टचं दार उघडलं. साठीच्या एक बाई बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहून स्वतःवरच हसल्या. तळमजल्याऐवजी चुकून बेसमेंटचं बटण दाबलं होतं. परत फिरणार, तेवढ्यात माझा चेहरा दिसला असावा.

"क्या हुआ, बेटा?"

मी सांगितलं. त्यांनी किल्ली मागून घेतली, उलटसुलट केली आणि चक्क हुंगली.

"इस पे शहद गिरा है क्या?"

मी पंचामृताचं सांगितल्यावर त्या खळखळून हसल्या. करोल बागेत त्यांचं गाड्यांच्या किल्ल्या बनवायचं दुकान होतं, तीस वर्षं त्या स्वतः गल्ल्यामागे नाही, हत्यारं घेऊन बसत होत्या. सणाला मुलीकडे आल्या होत्या. त्यांनी नखाने किल्ली उघडली. आत मध आणि तूप बसलेलं. पदराने पुसत म्हणाल्या, "सेल तो गया. पर अंदर जो चिप है, उसे सेल नहीं चाहिए. ब्रेक दबाओ और चाबी को स्टार्ट के बटन से सटाकर रखो."

मी तसं केलं. गाडी सुरू झाली. मी रडत रडत त्यांच्या पाया पडायला उतरू लागले, तर त्या ओरडल्या, "अरे, बंद मत करना! जाओ, जाओ!"

दहा चाळीसला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो.

ऑपरेशन चालू असताना बाकावर बसले आणि मग मला उमगलं, की आठ महिने मी जे मागत होते ते कुणाच्या तरी घरच्या रडण्यातून येणार होतं. आदल्या दिवशी त्या घरात माणूस गेलं आणि तशा दुःखातही कुणीतरी आमच्यासाठी होकार दिला. मी देवीला बहिरी म्हणत होते. त्या अनोळखी घरासाठी मी मनापासून हात जोडले. त्यापुढे मला काही मागवेना.

चुकून खाली आलेल्या बाईंना कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. अजूनही मी आधी सगळे प्रयत्न करते, तो माझा पिंडच आहे. पण आपले हात थकले की तिच्या हाती द्यावं, आणि देताना अटी घालू नयेत, एवढं शिकले.

नजर हळूहळू स्वच्छ होत गेली. दीडेक महिन्याने एका सकाळी मी आईंना चहा दिला. त्यांनी कप घेतला नाही. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हात पुढे करून माझ्या कानावरची बट मागे सारली आणि म्हणाल्या, "अगं, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"