मृत्युपत्रात राहून गेलेलं नाव

ई-मेलवरच्या मंडळींनो, फार दिवसांनी लिहितोय, माफ करा. माझ्यामागे पोरं भांडतील या धास्तीनं काही सुचत नव्हतं.

आज तिघा पोरांना बनशंकरी भागातल्या आमच्या घरी बोलावून मृत्युपत्राचा कच्चा कागद वाचून दाखवला. खालचं घर थोरल्याला, वरचं धाकट्याला, देवनहळ्ळीची साइट, म्हणजे मोकळा प्लॉट, मुलीला. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालायला लागलो.

तेवढ्यात बायको म्हणाली, “सरी, ठीक आहे! आणि मी कुणाच्या वाटणीला?”

मी चौथी शिकलेला माणूस. पोरांना सारखं द्यायच्या नादात तिलाच विसरलो होतो.

मुलगी हसत म्हणाली, “अप्पा, आई आहे तोवर सगळं तिचं लिहा. आमच्या वाटण्या नंतर.” दोघे भाऊही लगेच हो म्हणाले.

तुमच्या कागदात बायकोचं नाव आहे का? स्वल्प, जरा बघा आणि लवकर कळवा, नाहीतर मला तुमचीही काळजी लागेल.