माझे ताईत, आत्याबाईंची कंबर

परवा नातसुनेबरोबर चिंचवडला गेले होते. गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का, ते बघायचा एक्स-रे होता. पोरगी रिक्षात माझा हात सोडेना... म्हटलं, अगं श्वेता, हे सगळं मी तुझ्या आधी करून बसलेय!

तिला खरंच वाटेना. म्हणून इथे सविस्तर लिहिते, बाकीच्या पोरींनाही उपयोग होईल.

छप्पन-सत्तावन साल असेल. आम्ही चिखलीला, घरची शेती, आणि हे सायकलवरून पिंपरीच्या कारखान्यात जायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. चुलतसासू तोंडावर म्हणायच्या, पोराची दुसरी करा... मी गोठ्यात जाऊन रडायचे.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई नवसाच्या पक्क्या! जातील तिथून ताईत आणायच्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या कमरेला बांधायच्या. तांब्याचे, चांदीचे... चालले की मी पोळ्याच्या बैलासारखी वाजायचे. कूस उजवेपर्यंत काढायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती.

शेवटी कारखान्यातल्या डॉक्टरांनी हाच एक्स-रे काढायला पुण्याला पाठवलं. पाळी संपली की लगेच दोन-तीन दिवसांत जा म्हणाले. आत्याबाई सोबत आल्या.

टेबलावर झोपायच्या आधी नर्सबाईंनी माझी कंबर बघितली आणि हसू दाबलं. म्हणाल्या, हे काढा, नाहीतर फोटोत नळ्यांच्या जागी ताईतच दिसतील. मला घाम फुटला. ताईत काढले आणि नेमक्या नळ्या बंद निघाल्या, तर घरात सवत येणार आणि वर खापर माझ्याच डोक्यावर.

नर्सबाईंनी आत्याबाईंना आत बोलावलं. म्हटलं, झालं, आता इथंच तमाशा. आत्याबाईंनी माझा दोरा सोडून चक्क स्वतःच्या कमरेला बांधला!

"तुजं हुईस्तवर मी सांभाळते. देवाला काय, कंबर घरातलीच हाय." दारातून परत वळल्या. "पर इंदे, मला दिवस गेलं तर बाळंतपण तुलाच करावं लागंल, सांगून ठिवते!"

नर्सबाई भिंतीला टेकून हसायला लागल्या. माझीही भीती कुठल्या कुठे पळाली.

आता तपासणीचं सांगते. खालून एक बारीक नळी घालतात, आत औषध सोडतात आणि ते कुठवर पोचतं त्याचे फोटो घेतात. औषध जाताना पाळीत येते तशी कळ आली, जरा जोरातच, पण थोड्या वेळात ओसरली. नंतर एक-दोन दिवस थोडं डागलं, बस. हल्ली म्हणे आधी दुखण्याची गोळीही देतात... मजा आहे बाई तुमची!

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. औषध दोन्ही बाजूंनी बाहेर पडलेलं, म्हणजे दोन्ही नळ्या मोकळ्या. मी रडले, खूप रडले. परतताना एसटीत प्रत्येक खड्ड्याला आत्याबाई वाजत होत्या.

चुलतसासू दारातच उभ्या. आत्याबाईंनी पायही धुतले नाहीत. "इंदीचं समदं बेस हाय. आता माज्या ल्येकाला तपासाय नेते." दुसरीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. यांना न्यायची वेळच आली नाही, दिवाळीच्या आधीच मला उलट्या सुरू झाल्या. ताईत मात्र आत्याबाईंनी बारसं होईपर्यंत सोडले नाहीत.

तर परवा... आत जायच्या आधी श्वेतानं बेंबीतली रिंग काढून माझ्या हातात ठेवली आणि डोळे पुसत गेली. थोड्या वेळानं हसत बाहेर आली. दोन्ही नळ्या मोकळ्या!

"आजी, माझी रिंग?"

मी पदर बाजूला केला. कमरेला खोचलेल्या किल्ल्यांच्या छल्ल्यात अडकवून ठेवली होती... म्हटलं, कंबर घरातलीच आहे.