कागदाखाली काय आहे

आमच्या ऑफिसात लढाईबद्दल बोलणारी माणसं फार हळू बोलतात. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी पुण्यात चालवलेली ती एक अभ्याससंस्था. उत्तरेकडच्या शेजारी देशाकडे विमानं किती, धावपट्ट्या कुठे वाढतायत, क्षेपणास्त्रं कुठे हलली, हे उपग्रहाच्या विकत घेतलेल्या फोटोंवरून शोधायचं आणि अहवाल वर सरकारकडे पाठवायचा, हे आमचं काम. मी तिथली सगळ्यांत धाकटी, आणि राहू नावाच्या खेड्यातून आलेली एकटीच. हे मी विसरले तरी बाकीचे मला विसरू देत नसत.

त्या दिवशी पडद्यावर पठारावरच्या एका विमानतळाचा फोटो होता. त्याच्या अलीकडे, आपल्या हद्दीत, माझा धाकटा भाऊ हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नेमलेला आहे. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. धावपट्टीच्या कडेला कमानी छपरांची चौदा लांबट, पांढरी बांधकामं नव्याने दिसत होती. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, म्हणाले, "विमानांचे हँगर्स."

मी म्हणाले, "सर, पॉलिहाऊस आहेत ती."

सगळे वळले आणि मला चेव चढला. गावी आमचं जरबेऱ्याच्या फुलांचं पॉलिहाऊस आहे. त्यावरच्या प्लॅस्टिकला गावात कागद म्हणतात. त्या कागदाची चमक मी ओळखते, छपराला वाऱ्यासाठी ठेवलेली फट ओळखते. त्या थंडीत सैनिकांना ताजी भाजी दुसरी कुठून मिळणार, असंही ठासून सांगितलं. सर हसले. "शेतकऱ्याची मुलगी आहे, ऐकायला हवं." अहवालात 'भाजीपाल्यासाठीची हरितगृहे, लष्करी महत्त्व नाही' अशी ओळ गेली. ती ओळ माझी होती आणि मला तिचा भलताच अभिमान वाटत होता.

रविवारी गावी गेले तेव्हा तो फोटो माझ्या फोनमध्ये होता. ऑफिसचा फोटो बाहेर न्यायचा नाही, हा नियम मला पाठ होता. तरी वडिलांना दाखवला, कारण त्यांची शाबासकी हवी होती.

आप्पांनी चष्मा लावला आणि ते बोटांनी फोटो मोठा करत बराच वेळ बघत राहिले.

"समदी सुटी सुटी का बांधल्यात?" ते म्हणाले. "आपण एकाला एक जोडून बांधतो. मधली भिंत वाचती, कागद वाचतो. ह्यांनी मधी एवढी जागा सोडलीया. आन् त्या जागेत मातीचे ढीग कशापायी?"

"असेल काहीतरी त्यांची पद्धत."

"पद्धत कसली? एक पेटलं तर शेजारचं पेटू न्हाई म्हणून सोडत्यात अशी जागा, आन् आडोशाला माती. कडब्याच्या गंजी रचताना आपण सोडतो तशी. भाजीपाल्याला कोण एवढं भिईल?" फोन माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "आपला पोरगा त्याच बाजूला हाय ना?"

मी हो म्हणाले.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये जाऊन चूक कबूल केली. सुटी बांधकामं, मधले ढीग, कागदाखाली भाजीऐवजी विमानं असतील, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"म्हणजे फोटो घरी दाखवलास. आणि आज एवढी घाई कसली?"

मग मला भावाचं सांगावं लागलं. सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी काय समजू? त्या दिवशी तुला पॉलिहाऊस दिसली, की तुला तिथे हँगर नको होते?"

कागदाची चमक मी खरंच पाहिली होती. पण ढीगही त्याच फोटोत होते. शेतात वाढलेल्या मला ते दिसले नाहीत, आणि का दिसले नाहीत याचा विचार करायची मला भीती वाटते.

त्या भागाचे फोटो आता माझ्याकडे येत नाहीत. दुरुस्ती वर गेली का, असं विचारलं तर "ते आता तुझं काम नाही" एवढंच उत्तर मिळालं. नियमाने तेच बरोबर आहे, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही. आप्पांना मात्र मी सांगून टाकलं की चूक दुरुस्त झाली.

परवा संध्याकाळी भावाचा फोन आला. थंडी, जेवण, रजा, नेहमीचंच बोलणं झालं. ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, आप्पा उगं काळजी करत्यात गं. तू समजाव जरा. म्हणावं, तुझ्यासारखी शिकल्याली माणसं बसल्यात ना तिकडं समदं बघायला."

मी म्हणाले, "सांगते."