कृष्णातण्णांचं पांढरं सूत

आमच्या हॉटेलच्या बॉयलरवरचे कृष्णातण्णा म्हणजे तसा देवमाणूस, पण एकदा हट्टाला पेटला की संपलंच. मी मंगल, त्याच हॉटेलात धुलाईला. बेळगावच्या हायवेवरचं मोठं हॉटेल हे. चादरी, टॉवेल, पडदे, सगळं आम्ही बायकाच धुतो आणि बॉयलरच्या वाफेवर इस्त्री करतो.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी सरळ सांगितलं, बॉयलर डिझेल लई पितोय. दिवाळीपर्यंत कमी झालं न्हाय तर बॉयलर बंद, कपडे बाहेर धुवायला. म्हणजे आम्ही सगळ्या घरी.

मग निपाणीचे दीपंकर कांबळे साहेब आले, बॉयलरचं इंधन कुठं वाया जातंय ते शोधणारे इंजिनिअर. माणूस शांत. त्यांनी उघड्या पाइपांवर जाड वेष्टण घालून घेतलं, आगीला जास्तीची हवा जात होती ती बेतात आणली. थोडा फरक पडला. मग ते इस्त्रीच्या मशीनमागं गेले. तिथं वाफेचं पाणी व्हायचं, आणि ते कढत पाणी अण्णांनी गटारात सोडलेलं.

"अण्णा, हे पाणी परत बॉयलरला द्या," साहेब म्हणाले. "रोज गार पाणी पहिल्यापासनं तापवताय, डिझेल तिथंच जातंय."

"न्हाय साहेब. एकदा वापरलेलं पाणी माझ्या बॉयलरात जाणार न्हाय."

साहेबांनी समजावून बघितलं, मालक ओरडले. अण्णा ढिम्म. माझं तर डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत गाठलं त्यांना.

"अण्णा, तुमच्या हट्टापायी आमच्या चुली विझवणार व्हय?"

अण्णांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. "मंगल, वडगावात आमच्या आप्पांचा साड्यांचं सूत रंगवायचा कारखाना होता. रंगाच्या हंड्यात वाफेची नळी फिरवलेली. त्या नळीतलं पाणी आप्पा बॉयलरला परत द्यायचे. एकदा नळीला भोक पडलं आणि रंग बॉयलरात गेला. नळ्या जळाल्या, कारखाना बसला. पुढं आप्पा मरेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर विणत राहिले."

माझा राग निम्मा उतरला. पण निम्माच.

"आपल्याकडं रंग कुठाय अण्णा?"

"भोक पडायला रंग लागतोय व्हय? साबणाचं मळकं पाणी आत येईल, गंज येईल."

"मग आलेलं कळंल असं काय तरी करा की. रंगाऱ्याच्या घरातले तुम्ही, पाण्याला रंग आला का न्हाय ते बघायला मी शिकवू तुम्हाला?"

त्यावर ते डबा तसाच बंद करून उठले. मला वाटलं, जास्तच बोलले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खिशातनं पांढऱ्या सुताची लडी घेऊन आले. मशीनमागच्या कढत पाण्यात ती भिजवली, बाहेर उन्हात नेली, उलटीपालटी करून बघितली. पांढरी ती पांढरीच, म्हणजे पाणी स्वच्छ. मग आत आले आणि गटाराकडं जाणारा नळ बंद करून पाणी बॉयलरकडं वळवलं. साहेब शेजारीच उभे होते. ते हसले न्हाईत. "हे रोज करा अण्णा," एवढंच म्हणाले.

डिझेल जास्त दिवस पुरायला लागलं, गाडी उशिरा उशिरा यायला लागली. दिवाळीचा फराळ वाटताना मालक म्हणाले, धुलाई इथंच राहू दे. हातातल्या चिवड्यासकट रडले मी, लाज कसली त्यात.

अण्णांचं सूत भिजवणं मात्र अजून चालूच आहे. परवा मी छेडलं, "अण्णा, रोज पांढरंच निघतंय की. आता कशाला तो खटाटोप?"

अण्णांनी लडी पिळली आणि दोरीवर वाळत घातली.

"आप्पा बी रोज भिजवायचे गं. माझ्या लग्नादिवशी तेवढं राहून गेलं, आणि रंग त्याच दिवशी आत गेला."