कापूस पारखणारी बोटं

माझ्या बायकोच्या मानलेल्या भावाएवढा आगाऊ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो याच्याच हाताखाली शिकला असंल. रोहिणखेडचा मुसलमान, तिच्या माहेरचा शेजारी. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, टचकन तोडायचा आणि धाग्याची लांबी, ताकद सांगून मोकळा. बीटी बियाणं आलं तेव्हा दुकानात रोज नव्या नावाचं पाकीट. लोक कापूस घेऊन याच्याकडं येत, हा म्हणे, "नाव बदललं बे, धागा तोच हाय." सख्ख्या पुतण्याच्या अळीनं खाल्लेल्या कापसाले त्यानं भर बाजारात खालची प्रत लावली. पुतण्या वर्षभर बोलला नाही, याले त्याचं काही नाही. लग्नात गेला तर नवरदेवाच्या फेट्याचा धागा उसवून पाहील, पाहुणा भेटला तर त्याचा दंड दाबून पाहील. माझा दाबून एकदा म्हणाला, "जवाई, आखूड धागा!" बायको पदर तोंडाले लावून हसली. माझ्या कोणत्याच बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही.

मग तिचं लिव्हर बिघडलं. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, जखमेच्या वणात असतात तसे धागे आत माजलेत, किती ते पाहावं लागंल. एमआरआयच्या बोगद्यात निजवून पोटावर थरथरणारी चकती बांधतात, तिच्या लाटा लिव्हरमधून कशा जातात त्याचा फोटो निघतो. ती म्हणे, "मी नाही जात त्या बोगद्यात." मी दोन दिवस समजावलं, म्हणजे ओरडलो. मग हा आला. खुंटीले दोर बांधला, ढिला ठेवून झटका दिला. लाट डुलत डुलत गेली. मग ताणून झटका दिला, तर ती दिसलीच नाही. "माई, मऊ असंल तं लाट दमानं जाते, कडक असंल तं पळते. मशीन तेवढंच पाहते. सुई नाही, काही नाही." ती मुकाट तयार झाली. तपासणीत श्वास सोडून थांबावं लागतं, तर दोघं ओट्यावर बसून त्याचा सराव करत आणि मधेच फसकन हसत. मी गोठ्यातून ऐकत होतो. दवाखान्यात यानं डॉक्टरलेच विचारलं, "साहेब, धाग्याच्या उभ्या अंगानं लाट जास्त पळते का आडव्या?" "मांसात उभ्या अंगानं," डॉक्टर म्हणाला, आणि याले चक्क खुर्ची दिली. मी तिचा नवरा, उभाच.

फोटो आल्यावर डॉक्टर आम्हा दोघांले हळूच म्हणाला, लाट फार वेगानं गेली. बाहेर बाकावर ती बसलेली. माझ्याकडं पाहिलंही नाही. "भाऊ, कशी गेली?" पुतण्याले न सोडणारा हा माणूस म्हणाला, "दमानं गेली माई. मऊ हाय." मी नुसती मान हलवली. पण आतून पेटलो. खोटं बोलायचंच होतं तर ते माझं काम होतं.

ती वारल्यावर एकदा त्याले धरलंच. "काऊन बोलला बे खोटं?"

तो खाली पाहून म्हणाला, "जवाई, तिनं माझं तोंड पाहूनच वळखलं होतं. वापस येताना तुम्ही पाण्याची बाटली आणाले बसमधून उतरले, तवा म्हणाली, 'मले कळलं असं ह्यायले सांगू नको. त्या आशेवर दोन घास खातात तरी.'"

म्हणजे तेही तिनं त्यालेच सांगितलं. अजून जळतो मी. पण शुक्रवारी नमाज झाल्यावर तो येतो, तेव्हा मी चहा दुसऱ्यांदा ठेवतो. तिचं आणखी काही त्याच्यापाशी राहिलं असंल, तर ते ऐकल्याबिगर त्याले उठू द्यायचं नाही.