अनिल का अडखळतो

आमच्या गुरुदासाचं वय तेव्हा शेहेचाळीस. या वयात माणसाच्या घरी मुलांच्या लग्नाची बोलणी चालतात. आणि हा माझा धाकटा दीर, गोव्यात तुयेच्या औद्योगिक इस्टेटीतल्या कारखान्यात दिवसभर राबून घरी यायचा, हातपाय धुवायचा, चहात पाव बुडवून खायचा आणि सात वाजले की कॉम्प्युटरसमोर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून खेळायला बसायचा. खेळायला! लग्न केलं नाही, दारूला शिवला नाही, कुणाशी भांडला नाही, आणि शेवटी नाद लागला तो या डब्याचा. शिरा पडो त्या मशीनवर, असं मी रोज म्हणायचे. तो हसायचा आणि मासे साफ करून द्यायचा. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

हा नाद लावला अनिलने. अनिल गडहिंग्लजकडचा, गुरुदासाच्याच कारखान्यात कामाला. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा, म्हणजे झोपायचा तिकडे, जेवायचा आमच्याकडे. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, वाढलं की बोटं चाटत म्हणायचा, "वैनी, गावाकडं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही." म्हापशातला एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा दोघांनी तिथली दोन मशीनं स्वस्तात उचलून आणली. अगदी जुळी. एक आमच्या खिडकीखाली ठेवलं, दुसरं मागच्या खोलीत. मी कपाळावर हात मारला. एक खुळा होता, आता दोन झाले.

मग अनिलच्या पायांतली ताकद जायला लागली. आधी पायरी चढवेना, मग उभं राहवेना. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं, कोल्हापूरला दाखवलं. स्नायूंचं दुखणं, त्याला औषध नाही म्हणाले. बत्तीस वर्षांचा मुलगा! बाप नव्हता, भाऊ नव्हता. आई गंगाबाई आली आणि त्याला घेऊन गेली, मशीनसकट. आम्ही त्याला चादरीत घालून जीपमध्ये चढवला. तो हसत होता. मी आत पळाले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी गुरुदासाला चहा द्यायला गेले होते. पडद्यावर रान होतं, ओढा होता, दोन माणसं लाकडं वाहत होती. गुरुदास म्हणाला, "वैनी, तो तांबड्या सदऱ्याचो बघ. अनिल तो."

"खंयचो अनिल?"

"आपलो अनिल. तो थयसून खेळता, मी हयसून."

अगे बाई माझे! कप मेजावर आदळला तो आदळलाच. ज्याला आम्ही चादरीतून नेला होता तो डोंगर चढत होता. धावत होता. ओढ्यावरून अशी उडी मारली त्याने की माझाच जीव वर आला. पलीकडे जाऊन गुरुदासाची वाट बघत उभा राहिला. त्या दोघांनी रानात एक घर बांधलं होतं, रोज सात वाजता तिथे भेटायचे. त्या दिवसापासून मी शिव्या देणं सोडलं नाही, पण सात वाजता त्याला कसलं काम मात्र सांगेनाशी झाले.

फोन अनिलनेच बंद करायला लावले होते. जीभ जड झाली होती, बोललेलं कळायचं नाही. बोलायची लाज वाटते, आपण खेळूच, असं त्याने लिहून कळवलं. पुढे लिहिणंही थांबलं. खेळात एकेक बटन दाबलं की तयार निरोप जातात, 'आलो', 'थांब', 'निघतो'. गुरुदास लिहायचा, अनिलकडून तेवढेच यायचे. बोटांत त्राण नसेल, असं आम्ही धरून चाललो. त्याच्या गावचं दुसरं कुणी इथे नव्हतं, की खुशाली विचारावी.

गणपतीच्या चवथीच्या आधी गुरुदासाचा चेहरा उतरला. मी विचारलं तर म्हणाला, "वैनी, अनिल अडखळता."

"म्हणजे?"

"पयलेसारखो धावत नाय. झाडार आपटता. ओढ्यात पडता. मदीच उभो रवता. माझा मशीन म्हातारा झाला, म्हणान तसा दिसता."

झालं! एका रविवारी मशीन ओसरीवर आणून त्याने उघडलं. आत तांबडी माती! मोपाच्या पठारावर तेव्हा विमानतळासाठी डोंगर कापणं चाललं होतं, ट्रकांची धूळ सगळ्या गावांत, पण ती लोखंडी डब्याच्या पोटात जाऊन बसेल हे कुणाला ठाऊक? रंग लावायच्या ब्रशने त्याने पंखा झाडला, जुनी सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तरी अनिल अडखळलाच. मग म्हापशाला जाऊन रॅम आणली. कंगव्याएवढी पट्टी ती, ती बसवली की मशीनला जोर येतो म्हणे. आणि आला की! पाखरं भराभर उडायला लागली, पाणी वाहायला लागलं, सगळं रान कसं जिवंत झालं. अनिल तेवढा झाडावर आपटत राहिला.

"आता ग्राफिक कार्ड घालूक होया," गुरुदास म्हणाला. "नवा परवडूचा नाय. वापरलेला गावता. पण त्याका पॉवर सप्लाय पण मोठो लागतलो."

माझं डोकंच फिरलं. आमच्या न्हाणीला अजून छप्पर नव्हतं, आंघोळ करताना शेजारच्या माडावर नारळ पाडणारा पाडेली दिसायचा, आणि याला कार्ड पाहिजे! मी म्हटलं, "गुरुदास, तू माझं ऐकणार नाहीस. चल देवळात. देवाला विचारू. प्रसाद लावू."

खरं सांगते, मला खात्री होती. देव काही असल्या खुळचटपणाला हो म्हणणार नाही. एकदा देवाने नाही म्हटलं की गुरुदास मान खाली घालून ऐकणार, आणि न्हाणीवर पत्रे चढणार. आमच्याकडे जमीन घ्यायची, सोयरीक करायची, सगळ्याला प्रसाद लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कॉम्प्युटरसाठी लावलेला मी तरी ऐकला नव्हता.

गुरवाने विचारलं, "काय विचारूचा?"

मी म्हटलं, "मशीनार पैसे घालूचे काय नाय, इतकाच."

तेवढ्यात गुरुदास बोलला. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा हा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "तसा नको. मी कार्ड घातला तर अनिल पयलेसारखो धावतलो काय, असा विचार."

गुरव त्याच्याकडे बघतच राहिला. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो सोबती अनिल, तो अडखळता. मशीनात नवी वस्तू घातली तर तो पयलेसारखो धावत आसत, तर उजवो दी. नाय तर डावो दी." देवळात होते नव्हते ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

एरवी अर्धा-अर्धा तास पाकळी हलत नाही. त्या दिवशी "म्हाराजा" म्हणेपर्यंत डावी गळून पडली. गुरवही चपापला. त्याने पुन्हा लावली. पुन्हा डावी! माझ्या मनासारखं झालं होतं, पण गुरुदासाचा चेहरा मला बघवेना. असा चेहरा त्याचा आई गेली तेव्हाही नव्हता. घरी येऊन तो जेवला नाही. मीही जेवले नाही. मेली ती न्हाणी, असं झालं मला.

सकाळी पाहते तर हा ओसरीवर बसून मशीन खोलतोय, आणि तोंडावर हसू! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"वैनी, देव खोटा सांगूचो नाय," तो म्हणाला. "माझ्या मशीनाक दुखणाच नाय. दुखणा अनिलच्या मशीनाक. दोनूय जुळी मा? त्याची रॅम तितकीच म्हातारी." असं म्हणत त्याने नवी पट्टी आपल्या मशीनमधून उपसून काढली आणि रुमालात गुंडाळली. "ही त्याका नेवन बसयतंय. कळवूचा नाय. दारात उभो रवतंय, बघ कसो हसता तो."

"आणि तुझं मशीन?"

"माझा काय, चलात कसाय."

मी म्हटलं, मीही येणार. पोराला हुमण खाऊन किती दिवस झाले असतील. सुकी सुंगटं बांधून घेतली, कोकमाची सोलं घेतली. सावंतवाडीहून आंबोली चढलो, आजरा गेलं, गडहिंग्लजला उतरून पुढे रिक्षा. गुरुदास खिशावरचा हात काढत नव्हता.

गंगाबाई दारातच होती. मला तिने लगेच ओळखलं. पण "या" म्हणाली नाही. उंबऱ्यात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. मला राग आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना कुणी असं अडवतं?

"मावशे, अनिल खंय?" असं म्हणत गुरुदास तिच्या हाताखालून वाकून आत गेला. मी त्याच्या मागून.

खाट होती. खाटेवर काही नव्हतं, नुसती काथ्याची वीण. उशाशी मेजावर ते मशीन. आणि मशीनच्या वर भिंतीला अनिलचा फोटो, चंदनाचा हार घातलेला.

माझ्या हातातली पिशवी पडली. सुंगटं सगळी जमिनीवर. गुरुदास फोटोकडे बघत होता, मशीनकडे बघत होता, पुन्हा फोटोकडे.

"कधी?" मीच विचारलं.

"आषाढात," गंगाबाई म्हणाली.

"आषाढात?" गुरुदास एकदम ओरडला. "पण परवा सांजवेळा तो माझ्यावांगडा होतो! रोज येता तो! परवा लाकडा घेवन इलो!"

"मीच यायची की रं," ती म्हणाली.

देवा रे! सत्तरीला टेकलेली बाई, हातांवर म्हशीच्या वैरणीचे ओरखडे, आणि ती म्हणते मीच यायची!

"त्याची बोटं हलंनात, तवापासनं तो सांगायचा आन् मी बटनं दाबायची," ती सांगायला लागली. "फुडं म्हनला की हे, उडी म्हनला की ते. जीभ गेली तरी डोळ्यानं सांगायचा. मग तो गेला. मानसं अग्नी देऊन आत्ताच परतलेली. सात वाजलं. मशीन चालूच व्हतं, कुनी बंद केलं न्हवतं. तुमची हाक आली. 'ये रे, थांबलोय.' वाचाय येतंय मला थोडं. मी 'आलो'चं बटन दाबलं. का दाबलं, मला ठावं न्हाई. उद्या सांगू म्हटलं. तर उद्या पुन्यांदा हाक."

तीन महिने! तीन महिने आम्हाला फसवलं हिने! मी तिला बोल लावणार तोच तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, त्याचं नाव घिऊन हाक मारनारं दुसरं कोन उरलंय वो?"

आणि मग गुरुदासाकडे वळून, अपराध्यासारखी, "तुमी लिवलं व्हतं, डोळे मिटून खेळतोस काय रे. मी वाचलं. लई वाईट वाटलं. पोराचं नाव घालवतीय मी, असं झालं."

तो धावेल का, असं आम्ही देवाला विचारलं होतं. दोन्ही वेळा डावी पडली होती. मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

गुरुदासाच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मग त्याने मशीन पुढे ओढलं, पेचकस काढला आणि स्क्रू सोडवायला लागला. एक स्क्रू खाटेखाली गेला. तो मी शोधून दिला.

"आता कशाला त्ये?" गंगाबाई म्हणाली. "आता तर तुमास्नी कळलं. घिऊन जावा मशीन. मी कुनाच्या नावानं येऊ आता?"

त्याने जुनी पट्टी काढली, रुमालातली बसवली, झाकण लावलं, मशीन चालू केलं. मग तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

"मावशे, उडी मारतना हा पुढचा बटन सोडूचा नाय. तू सोडतस. म्हणान तो पडता."

पडद्यावर तेच रान आलं. तांबड्या सदऱ्यातला अनिल ओढ्याकाठी उभा. तिने बटनं दाबली. अनिल पाण्यात पडला. "परत," गुरुदास म्हणाला. पुन्हा पडला. "परत. हा सोडू नको." त्याने तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबून धरलं. अनिल धावत आला, ओढ्यावरून उडाला आणि पलीकडे उतरून तसाच डोंगराकडे धावत सुटला.

"पळाला!" गंगाबाई खुर्चीवरून उठून ओरडली. "ताई, पळाला वो माझा अन्या!"